रेंज हवी, खरखर नको!

गावाकडच्या घरात वायफायची रेंज वाढवायला गेले आणि बाबांच्या स्पीकरमधून माझं इंटरनेट ऐकू यायला लागलं. हिंगोलीतल्या एका माळवदाच्या घरात तीन दिवस चाललेल्या शोधमोहिमेची ही गोष्ट...

'ए, तुझं ते वायफाय बंद कर आधी!'

माजघरातून बाबा ओरडले, तेव्हा मी परसातल्या खोलीत बसून एका क्लायंटला 'ऐकू येतंय का?' असं पाचव्यांदा विचारत होते. त्याला मी ऐकू येत नव्हते. बाबांना मात्र मी, म्हणजे माझं वायफाय, चांगलंच ऐकू येत होतं. थेट त्यांच्या स्पीकरमधून. टिक-टिक-टिक-टिक... आणि त्याच्या खाली एक अखंड 'हंऽऽऽ'.

मी पुण्यात राहते आणि फ्रीलान्स लिहिते. (फ्रीलान्स म्हणजे पगार सोडून बाकी सगळं असलेली नोकरी!) आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून लॅपटॉप उचलून दोन महिन्यांसाठी हिंगोलीला आले. हल्ली इथंही फायबर आलंय, स्पीड म्हणाल तर माझ्या पुण्याच्या फ्लॅटपेक्षा बरा. प्रॉब्लेम स्पीडचा नव्हताच. प्रॉब्लेम होता घराचा.

आमचं घर जुनं, माळवदाचं. रस्त्याकडे तोंड करून बैठक, मग चौक, मग माजघर, स्वयंपाकघर आणि सगळ्यात मागं परसात पत्र्याची माझी खोली. भिंती पांढऱ्या मातीच्या, चांगल्या दीड-दीड हात जाड. एप्रिल-मेमध्ये मराठवाड्यात अशा घरासारखं सुख नाही. वायफायच्या बाबतीत मात्र हा देवगिरीचा किल्लाच. राउटर बैठकीत, मी परसात, मध्ये चार भिंती आणि एक पाण्यानं भरलेला कूलर. पाणी या लहरी शोषून घेतं, पत्रा त्या परतवून लावतो. माझ्या खोलीपर्यंत रेंज पोचायची ती एक दांडी, तीही पडदा वाऱ्यानं हलला की गायब.

मग आपण सगळे जे करतो तेच केलं. ऑनलाइन एक एक्स्टेंडर मागवला. बॉक्सवर लिहिलं होतं, राउटर आणि तुमची जागा यांच्या मध्यावर लावा. मध्यावर होतं माजघर. माजघरात रिकामा पॉइंट होता एकच, बाबांच्या टेपडेकशेजारच्या एक्स्टेंशन बोर्डावर. लावला. माझ्या खोलीत तीन दांड्या आल्या आणि मी मनातल्या मनात कॉलर ताठ केली. तासाभरातच वरची आरोळी!

आजीची कॅसेट

आता बाबा एवढे का चिडले, ते सांगते. मी आले त्याच आठवड्यात त्यांनी ट्रंकेतून एक कॅसेट काढली होती. साठ मिनिटांची. लेबलवर त्यांच्याच अक्षरात, 'बाईच्या ओव्या, १९९४, जि. परभणी'. (हिंगोली जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ ला. त्यामुळे आमच्या आजीचा आवाज कायमचा परभणी जिल्ह्यात राहिलाय.) बाबांनी तेव्हा कुणाचा तरी टेपरेकॉर्डर मागून आणला होता आणि पहाटे चारला, आजी जात्यावर बसलेली असताना, गुपचूप बटण दाबलं होतं. आजी जाऊन आता वीस वर्षं झाली. तिच्या आवाजाची दुसरी कॉपी कुठंच नाही.

कॅसेटची फीत चार मिलिमीटरपेक्षाही कमी रुंदीची असते आणि ती सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या वेगानं सरकते. तीस वर्षांनी ती कडक झालेली असते, कुठं आतल्या आत चिकटलेली असते. बाबांचं म्हणणं होतं, 'ही एकदा नीट वाजेल. दुसऱ्यांदा वाजेल का, ते सांगता येत नाही.' म्हणजे डेकमधून ती कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची, तर एकाच टेकमध्ये. आणि त्याच टेकमध्ये माझं टिक-टिक आणि हंऽऽऽ!

मी आपली शहरी हुशारी दाखवली. म्हटलं, 'बाबा, टेन्शन कशाला घेता? नंतर सॉफ्टवेअरनं काढून टाकू ना नॉइज.' दुसऱ्या एका बिनकामाच्या कॅसेटवर बाबांनी मिक्सर चालू ठेवून पुसट बोललेलं होतं, त्यावर मी प्रयोग करून दाखवला. मिक्सर गेला, मस्त! मग माझ्याच डोक्यात ट्यूब पेटली. ही सॉफ्टवेअर काय करतात, तर जो आवाज एकसारखा, न बदलता चालू राहतो तो नॉइज समजून पुसतात. आणि जातं? जात्याची घरघर एकसारखीच असते की! हम काढायला जावं तर आजीच्या हातातलं जातंच पुसलं जाणार. उरणार नुसता गळा, जणू आजी एखाद्या स्टुडिओत उभी राहून गातेय.

तेव्हा जी काही शांतता आणायची ती रेकॉर्डिंगच्या वेळीच आणायला हवी होती. आणि मला ऑफिसची डेडलाइन असल्यामुळं वायफायही हवंच होतं. बापलेकीत तह झाला. तीन दिवस. तोवर कॅसेटला हात लावायचा नाही.

दोन आवाज, दोन रोग

पहिल्या दिवशी आम्ही एकच केलं. डेक आणि ॲम्प्लिफायर चालू, कॅसेट नाही, आवाज मोठा, आणि घरातली एकेक वस्तू बंद करत जायची. एक्स्टेंडर काढला, टिक-टिक थांबली. हंऽऽऽ तसाच. राउटर बंद केला, हंऽऽऽ तसाच. फ्रीज, कूलर, पंखे बंद, तरी हा पठ्ठ्या जागेवरच. म्हणजे वायफायवर दोन खुनांचा आरोप होता आणि त्यानं केला होता एकच.

टिक-टिक कशी येते, ते बघा. २००० नंतरच्या दशकात मोबाइल कॉम्प्युटरच्या स्पीकरजवळ ठेवला की रिंग वाजायच्या आधी 'टर्र-टर्र' व्हायची, आठवतंय? त्या फोनचा सिग्नल सेकंदाला २१७ वेळा धडका देत यायचा, आणि स्पीकरमधला ॲम्प्लिफायर रेडिओ नसूनही त्या धडका पकडायचा. वायफायचंही तेच. त्याच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे आपल्या कानाच्या टप्प्याच्या कितीतरी पलीकडच्या. त्या ऐकू येत नाहीत. पण राउटर असो की एक्स्टेंडर, तो सेकंदाला साधारण दहा वेळा 'मी इथं आहे' अशी हाळी देतो. लहर नाही, तर त्या हाळीचा ठेका ऐकू येतो.

आणि टेपडेक म्हणजे घरातली सगळ्यात हळवी वस्तू. फितीवरून हेड जो सिग्नल उचलतं तो एका मिलिव्होल्टहूनही कमी असतो, आणि ॲम्प्लिफायर तो शेकडो पटींनी वाढवतो. त्याच्यापासून दोन वितींवर आपण एक छोटं रेडिओ स्टेशन लावून ठेवलं, तर दुसरं काय होणार? डेकपासून निघालेली लांब, स्वस्त ऑडिओ वायर तर अँटेनाचंच काम करत होती.

इथं एक हिशेब कामाला येतो. अंतर दुप्पट केलं की लहरींचा जोर चौथा हिस्सा उरतो. एका फुटावरचा डबा सोळा फुटांवर नेला, तर जोर मोकळ्या जागेतसुद्धा २५६ पटींनी कमी. मध्ये आमची मातीची भिंत आली तर आणखी कमी. म्हणजे ज्या भिंतींना मी आठवडाभर शिव्या घालत होते, त्याच आता बाबांच्या बाजूनं लढणार होत्या.

राहिला हंऽऽऽ. तो दुसऱ्या दिवशी अगदी योगायोगानं सापडला. मी चहाला जाताना लॅपटॉपचा चार्जर काढला आणि... शांतता! चार्जर लावला, हंऽऽऽ. काढला, गप्प. झालं होतं असं की लॅपटॉप एका पॉइंटवर, ॲम्प्लिफायर दुसऱ्या पॉइंटवर आणि दोघांमध्ये ऑडिओची वायर. दोन्हीकडच्या अर्थिंगच्या पातळीत बारीकसा फरक असला की तो त्या ऑडिओच्या वायरीतून वाहतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून तो खर्जातला हंऽऽऽ. साउंडवाले याला ग्राउंड लूप म्हणतात. उपाय काय, तर रेकॉर्डिंगपुरता लॅपटॉप बॅटरीवर चालवायचा. फुकटात! नेहमीसाठी हवं असेल तर दोन्ही वस्तू एकाच बोर्डावर घ्यायच्या किंवा मध्ये ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावायचा.

मात्र एक उपाय तुम्हाला कुणी ना कुणी नक्की सुचवेल, आम्हालाही कोपऱ्यावरच्या दुकानात सुचवला गेला. 'मधली जाड पिन तोडून टाका, आवाज जातो.' जातो, खरंय. पण ती पिन अर्थिंगची. उद्या वस्तूच्या बॉडीत करंट उतरला तर तो जायला दुसरा रस्ता उरत नाही, तुमच्याखेरीज. प्लीज, हे करू नका.

संध्याकाळी लाइट गेली आणि एक तिसरा पाहुणाही कळला. इन्व्हर्टरवर हाच ॲम्प्लिफायर 'झर्रर्र' करायला लागला. आमचा इन्व्हर्टर जुना, स्क्वेअर वेव्हवाला, म्हणजे विजेची गोल लाट सोडण्याऐवजी पायऱ्या-पायऱ्यांची लाट सोडणारा. पंखा आणि ट्यूबलाइटला चालतं, ऑडिओला नाही. ठरलं, रेकॉर्डिंग लाइट असतानाच.

औंढ्याचा धडा

त्या अंधारात गच्चीवर बसलो असताना बाबा म्हणाले, 'आपल्या या घरघरीचं काय घेऊन बसलीस? तिकडं औंढ्याला बघ, काय कान लावून बसणार आहेत लोक.'

बरोबर ओळखलंत, लिगो-इंडिया! औंढा नागनाथ म्हटलं की देवळाची आठवण येते, पण त्याच तालुक्यात दुधाळ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा मंजूर झालीय. केंद्र सरकारनं फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः होकार दिला, एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटींची मंजुरी दिली आणि ११ मे २०२३ ला पायाभरणी झाली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, काटकोनात. त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा हजाराव्या भागाएवढा फरक पडला तरी तो कळायला हवा, असं हे यंत्र.

मला यातली सगळ्यात भारी गोष्ट ठाऊकच नव्हती. या लहरींची कंपनं चक्क आपल्या कानाच्या टप्प्यात येतात! १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या दोन लिगो वेधशाळांनी पहिल्यांदा अशी लहर टिपली. दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन झाली होती. सिग्नल जेमतेम पाव सेकंदाचा, सुमारे ३५ हर्ट्झपासून २५० हर्ट्झपर्यंत चढत गेलेला. शास्त्रज्ञांनी तो स्पीकरवर वाजवून दाखवला, तर 'व्हूप' असा आवाज! म्हणजे लिगो ही दुर्बीण कमी आणि कान जास्त. आणि कान म्हटला की त्याचा शत्रू तोच, आपलाच, हंऽऽऽ. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, त्यामुळं त्यांच्या डेटात ६० हर्ट्झवर आणि त्याच्या पटींवर रेषा उमटतात.

त्यांच्या खरखरीचे किस्से तर एकापेक्षा एक आहेत. हॅनफर्डच्या वेधशाळेत डेटात विचित्र ठोके यायचे. शोधलं तर काय, तहानलेले डोमकावळे बाहेरच्या पाइपवर साचलेल्या बर्फाला चोची मारत होते! दुसरा किस्सा मी बाबांना दोनदा सांगितला. डेटात ठरावीक अंतरानं, कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसायच्या. कारण निघालं वेळ जुळवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्सवरचे छोटे एलईडी. दिवा लागला-विझला की वीज कमी-जास्त ओढली जायची आणि तेवढ्यानं यंत्राच्या कानात टिक-टिक. त्यांनी शेवटी त्या दिव्यांची उघडझापच बंद केली.

बाबांनी वळून माजघराकडं पाहिलं. एक्स्टेंडरचा हिरवा दिवा अंधारात मजेत डोळे मिचकावत होता. त्याला इन्व्हर्टर चालतो ना!

वायर ती वायरच

तर मग रेंज वाढवायची कशी? पुण्यातल्या मित्रमंडळींनी फोनवर सल्ल्यांचा पाऊस पाडला. एक म्हणाला, पॉवरलाइन घे. घरातल्या विजेच्या वायरिंगमधूनच इंटरनेट नेणारी ही जोडी. आयडिया झकास, पण ज्या घरात ऑडिओ आणि रेडिओ आहे तिथं माझ्या मते अजिबात नको. ज्या वायरीतून ॲम्प्लिफायर वीज पितो, त्याच वायरीत आपण मेगाहर्ट्झमधला कालवा ओततो. बाबांचा शॉर्टवेव्ह रेडिओ तर त्या दिवशीच संपला असता. दुसरी म्हणाली, मेश घे. मेश चांगलंच, पण ते डबे एकमेकांशी हवेतूनच बोलणार असतील तर आमच्या भिंतींपुढं त्यांचीही तीच गत, शिवाय घरात आणखी दोन-तीन बोलघेवडे वाढणार. साध्या एक्स्टेंडरची तर आणखी एक गोम आहे. तो एकाच रेडिओनं ऐकतो आणि त्याच रेडिओनं पुढं सांगतो, त्यामुळं स्पीड निम्म्यावर येतो. माझ्या तीन दांड्या नुसत्या शोभेच्या होत्या.

शेवटी निघाली ती सगळ्यात जुनाट, अनफॅशनेबल गोष्ट. लॅन केबल! कॉपरची, कॅट-६, तीस मीटर. (स्वस्तात मिळते ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची असते. ती घेऊ नका, चार पैसे जास्त द्या.) ही केबल शंभर मीटरपर्यंत बिनतक्रार चालते, भिंतीची जाडी विचारत नाही आणि हवेत बडबड करत नाही. शिवाय साध्या, बिनशिल्डच्या लॅन केबलमध्ये दोन्ही टोकांना छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, त्यामुळं ग्राउंड लूपची नवी भानगड होत नाही. आम्ही ती चौकाच्या कडेनं पाइपातून नेली, विजेच्या वायरींपासून वीतभर लांब. जिथं स्पीकरची वायर ओलांडावी लागली तिथं आडवी, काटकोनात. आणि वीज कडकडायला लागली की दोन्ही टोकं काढून ठेवायची, हे आईनं स्वतःहून अंगावर घेतलंय.

परसातल्या टोकाला लावायला नवं काही घेतलं नाही. प्रत्येक घराच्या कपाटात एक जुना राउटर पडलेला असतो, तुमच्याही असेल. त्याला ॲक्सेस पॉइंट बनवला. सेटिंगमध्ये जाऊन त्याचं डीएचसीपी बंद केलं (घरात नंबर वाटणारा एकच हवा), त्याचा स्वतःचा पत्ता बदलला आणि केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये खोचली. बैठकीतला राउटर चॅनल १ वर, परसातला ११ वर. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १, ६ आणि ११ हीच काय ती एकमेकांच्या पायात न येणारी चॅनल्स. हा पट्टा केंद्र सरकारनं जानेवारी २००५ मध्ये लायसन्समुक्त केला, त्यामुळं तिथं वायफाय, ब्लूटूथ, कॉर्डलेस माइक अशी सगळीच गर्दी. मायक्रोवेव्हची गळतीही त्यातच. म्हणून लॅपटॉप मी पाच गिगाहर्ट्झवर नेला. तो भिंतीपलीकडं फारसा जात नाही, आणि मला तेच हवं होतं! माझी खोली भरली की बस्स. याचा एक बोनस म्हणजे बाबांचा ब्लूटूथ स्पीकर भजनाच्या मध्येच अडखळायचा, तो आता सरळ गातो.

शेवटचं सेटिंग ऐकून मित्र हसले. दोन्ही राउटरची ट्रान्समिट पॉवर 'हाय'वरून 'लो'वर आणली. रेंज वाढवायला निघालेली बाई पॉवर कमी करतेय! पण ओरडून बोलणारा एक माणूस चौकात उभा करण्यापेक्षा दोन खोल्यांत हळू बोलणारे दोघं बरे, नाही का? आणि माजघर, म्हणजे डेकची खोली, आता दोघांपासूनही दूर. तिथं मोबाइलला रेंज कमी येते. बाबांना त्याचं दुःख नाही.

साठ मिनिटं

तिसऱ्या दिवशी सकाळी लाइट होती. लॅपटॉप बॅटरीवर, मोबाइल तिघांचेही परसात, फ्रीज तासभर बंद. बाबांनी डेकचं हेड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं, कॅसेट आधी पेन्सिलीनं हलक्या हातानं थोडी फिरवून घेतली आणि प्ले दाबलं.

आधी घरघर आली. नुसती घरघर, बराच वेळ. मग आजी. माझ्या आठवणीतल्यापेक्षा खूप तरुण आवाज, जरासा घोगरा. आई कॉटवर पडल्या-पडल्या उठून बसली.

पाचेक मिनिटांनी माझ्या पोटात गोळा आला. हेडफोनमध्ये टिक! थोड्या वेळानं पुन्हा टिक. मी खुणेनंच बाबांना विचारलं, राउटर? ते पळत परसात जाऊन बघून आले. मेन लाइनपासून सगळं जागच्या जागी. टिक. दर फेऱ्याला एक. बाबांनी माझ्या कानावरचा हेडफोन काढून स्वतःच्या कानाला लावला, डोळे मिटले आणि अगदी हळू म्हणाले, 'बांगडी आहे ती. खुंट्याला लागायलीय.'

दोन्ही बाजू नीट उतरल्या. दुसऱ्या बाजूला शेवटी फीत एकदा अडकल्यासारखी झाली, पण सुटली.

फाइल सहाशे एमबीच्या वर भरली. ती मी परसातल्या खोलीतून बंगळुरूच्या भावाला पाठवली, चहा निवायच्या आत गेली. रात्री त्याचा मेसेज आला. 'सॉलिड! रडवलंस. पण मागे सारखी घरघर येतेय गं, माझ्याकडे एक भारी ॲप आहे, काढून टाकू का?'

मी बाबांना वाचून दाखवला. ते रेडिओची सुई फिरवत होते, मान वर न करता म्हणाले, 'त्याला म्हणावं, हात लावू नको.'